घरटी एक माणूस

१

जोह्यात गणपती कधीच संपत नाहीत. भाद्रपदात मूर्ती गेल्या की बाहेरच्यांना वाटतं, आता ही मंडळी वर्षभर पाय पसरून बसणार. पण दिवाळीचा फराळ संपायच्या आत साचे धुऊन निघतात, आणि पौषात येऊन बघा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बिनरंगाचे गणपती उन्हाला बसलेले असतात. पेणहून येणारी एसटी त्यांच्यामधून अंग चोरत जाते. एखाद्या मूर्तीला जरा धक्का लागला तर ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस होते.

गोविंदाचा कारखाना याच रस्त्यावर, भातशेतीच्या तोंडाशी. गोविंदा सहासष्टीचा, पण माती अजून स्वतःच्या पायांनी तुडवणारा. मुलगा रितेश धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. शिफ्टची ओढाताण नको म्हणून तो रोह्यात खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. कारखाना खरा चालवायची ती सून, अपेक्षा. डोळ्यांची आखणी करावी तर तिनेच, असं अख्खं जोहे म्हणायचं, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं.

या वर्षी तिच्याकडे वेगळंच काम आलं होतं. मुंबईत एक प्रदर्शन भरायचं होतं, सात बेटांची राजधानी कशी झाली ते दाखवणारं. प्रदर्शनाचं काम बघणारा विशाल नावाचा माणूस नकाशांची गुंडाळी घेऊन जोह्यात आला. नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद फळ्यांवर आधी सात बेटं करायची, मग साडेतीनशे वर्षांत समुद्र बुजवत टाकलेले भराव एकेक करून त्यावर चढवायचे, प्रत्येक भरावाची माती जरा जरा गडद. सगळं शाडूत.

गोविंदाने भिंतीवरचा पहिला नकाशा मान वाकडी करून बघितला. "येवढी मोठी मुंबय, नि ही सात ढेकलं व्हती?"

"सातच," विशाल हसला. त्याने बोटाने दाखवलं, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. कुठला बांध कधी झाला, कोणत्या साहेबाच्या हुकमाने झाला, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"नि माती कोणी टाकली?" अपेक्षाने विचारलं.

"कामगारांनी. त्यांची नावं मिळत नाहीत," तो म्हणाला आणि गुंडाळीतला पुढचा नकाशा उलगडायला लागला.

२

बेटं आठवड्यात झाली. धाकट्या कुलाब्यावर तर गोविंदाने हौसेने पिंपळाएवढं झाड लावलं आणि प्रमाण चुकलं म्हणून सुनेची बोलणी खाल्ली. मग अपेक्षाने भराव घ्यायला सुरुवात केली. माझगाव मुंबईला जोडलं, परळ आणि माहीम जोडले. शाडू गुणी होता, कुठं हूं की चूं नाही.

अडलं ते वरळी आणि मुंबईच्या मधे. तिथं समुद्र आत शिरायची एक रुंद वाट होती, आणि ती बुजवणारा बांध नकाशात सरळ रेघेने दाखवला होता. अपेक्षाने वीतभर लांबीचा तो बांध घातला, ओलं फडकं टाकलं आणि घरी गेली. सकाळी बघते तर बरोबर मधोमध तडा. बोट जाईल एवढा.

तडे जाणं काही नवीन नाही. तिने माती खरवडली, नव्या मातीत कापूस कुटून घातला, पुन्हा बांध घातला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तडा, आणि आता त्याच्या कडा ओल्या होत्या. रात्रभर वाळलेल्या मातीच्या कडा ओल्या कशा, हे तिने मनात आणलं आणि झटकून टाकलं. विशालला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तिथं खऱ्या बांधालाही फार त्रास झाला होता म्हणतात." त्याला गंमत वाटली होती.

तिसऱ्या सकाळी तडा बघून तिला हसू आणि रडू बरोबरच आलं. तिचं माहेर खाडीकाठचं. भरतीचं पाणी बंधारा फोडून शेतात शिरलं की त्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. खांड ज्याला पहिली दिसेल त्याने तिथंच उभं राहून हाक द्यायची, घरटी एक माणूस. आणि हाक देणाऱ्याने आधी स्वतःच्या घरचं नाव घ्यायचं, मग दुसऱ्यांना बोलवायचं. नाव घेतलं की तो माणूस खांड बुजेपर्यंत त्या कामाचा. आजारी पडला तर त्याच घरातला दुसरा, पण नाव बदलायचं ते खांडीवर उभं राहूनच. लहानपणी तिने वडलांना अशी हाक देताना किती वेळा ऐकलं होतं.

ती फळ्यांपाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि वडलांच्याच सुरात ओरडली, "खांड पडली होऽऽ! घरटी एक माणूस!"

माती मळणारी चिमा दचकली. ती आदिवासी वाडीवरची, पंधरा वर्षं या कारखान्यात कामाला. "काय गो, याड लागला काय?"

अपेक्षाला चेव चढला होता. समोर सासरे उभे होते, माखलेल्या पायांनी. "आमच्या घरातून गोविंदा!" ती म्हणाली.

"आलो, आलो," गोविंदा हसत म्हणाला.

चिमा हसली नाही. तिने हातातली माती खाली ठेवली. "हाक अशी देऊ नये गो," एवढंच बोलली आणि पाणी आणायला गेली.

३

दुसऱ्या दिवशी तडा अर्ध्यावर आला होता. अपेक्षाने तिथं हात लावला नव्हता.

तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही बुजवलात काय?" गोविंदा खाटेवर बसून पाय चोळत होता. "कदाचित," तो म्हणाला. मग म्हणाला, "व्हय. मीच असंल."

त्याच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. शाडू वाळला की राखेच्या रंगाचा होतो. त्याच्या पायांना तो रोजच असायचा. आज गुडघ्यापर्यंत जे होतं ते काळं होतं, निळसर काळं. बोटांच्या बेचक्यांत कालवांच्या कवच्या अडकलेल्या होत्या. खाडीचा चिखल. माहेरी त्या वासात ती वाढली होती, तो वास तिला कोणी शिकवायला नको होता.

"खाडीवर गेला होतात?"

"मी कशाला जातो? दुपारी जरा पडलो व्हतो हितंच."

खाडी काही अंगणात नव्हती. दुपारच्या उन्हात सहासष्टीचा माणूस तिथवर चालत गेला आणि परत आला, आणि रस्त्यावरच्या एकाही कारखान्यातल्या माणसाने त्याला पाहिलं नाही? तिने शेजारच्या हिरामणला विचारलं. त्याने गोविंदाला बाहेर पडताना पाहिलंच नव्हतं. म्हातारपण, तिने स्वतःला सांगितलं. माणसं विसरतात, भरकटतात. तिने गरम पाणी आणलं आणि स्वतः त्याचे पाय धुतले. पाणी तीनदा बदलावं लागलं.

४

पेणच्या डॉक्टरने गोविंदाला तपासलं आणि प्रेशर जरा कमी आहे, खाण्याकडे लक्ष द्या, असं सांगितलं. म्हणजे काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर अपेक्षाने एक सोपा उपाय केला. दुपारी जेवून गोविंदा कारखान्यातल्या खाटेवर आडवा झाला की ती मागचं दार आतून लावायची, पुढच्या दाराला बाहेरून कडी घालायची आणि पायरीवर बसून राहायची. मांडीवर एखादी छोटी मूर्ती घ्यायची, सोंड घासत बसायची. समोर रस्ता, ऊन, एखादा टेम्पो. कारखान्याला दुसरी वाट नव्हती.

पहिल्या दुपारी आतून आवाज आला. थप. मग जरा वेळाने पुन्हा थप. ओल्या मातीची पाटी उपडी केल्याचा आवाज. तिला वाटलं हिरामणकडे माती उतरत असेल. ती उठून बघून आली. हिरामण पेणला गेला होता, त्याच्या दाराला कुलूप होतं. ती परत पायरीवर आली आणि कान दाराला लावला. थप. थप. आता अंतर कमी झालं होतं, आणि दोन आवाजांच्या मधे पुष्कळ पाय चिखलातून निघाल्यासारखी चुळबुळ होती. बोलणं मात्र नव्हतं. पुष्कळ माणसं कामाला लागली आणि कोणी कोणाला हाक मारत नाही, शिवी देत नाही, असं तिने आजवर कुठल्या बांधावर ऐकलं नव्हतं.

तिने कडी काढली. दार उघडलं तेव्हा आत सगळं जिथल्या तिथं होतं. गणपतींच्या रांगा, साचे, बादल्या. गोविंदा खाटेवर उताणा झोपला होता आणि त्याच्या पायांतून काळं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. ती फळ्यांपाशी गेली. बांध आणखी पुढे सरकला होता. तिने तो बोटाने दाबून बघितला आणि ते बोट नाकाला लावलं.

गोविंदा जागा झाला तेव्हा खुशीत होता. ते तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"माणसं लय हायत गो," तो म्हणाला. "पन बोलत नाय कोन. पाटी येते, फुडं द्यायची. बास. नावं इचारली तर सांगत नायत."

"कुठली माणसं बाबा?"

काय विचारतेय तेच त्याला समजलं नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

५

आठ दिवसांत गोविंदा निम्मा झाला. खांद्यावर पाटीच्या काठाचा वळ उठला, तळहात पाण्यात राहून सुरकुतले. भाकरी मोडायला घ्यायचा आणि हातातच धरून बसायचा. तिने त्याला घरात निजवलं, कारखान्यात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. घरातल्या खाटेखालीही पाणी साचलं. आणि एका दुपारी त्याने अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं, "मंगळवारी अमावास्या. मोठी भरती हाय. त्या दिशी पानी खांद्याला लागंल म्हनतात."

"कोण म्हणतं? तुम्ही तर म्हणालात कोणी बोलत नाही."

"त्येवढंच बोलले," गोविंदा म्हणाला.

चिमाने त्याच दिवशी काम सोडलं. ओढणी डोक्यावरून घेत ती दारात उभी राहिली. "माज्या घरचा नाव नको घेऊ गो कदी. आमच्या वाडीच्या मानसांना हाक न देता पन नेत व्हते. आजा गेला माजा तसाच, मुंबयला भराव टाकाया. परत नाय आला."

"चिमा, आता मी काय करू?"

"मोडून टाक सगला."

अपेक्षाने रात्री तोही विचार केला होता. पण त्या वेळी गोविंदा बांधावर असला तर? असला विचार आपण करतोय याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तिने मातीला हात लावला नाही.

रविवारी रितेश आला. बापाची दशा बघून त्याचं तोंड उतरलं, पण कारण ऐकल्यावर तो चिडलाच. त्याने बांध नखाने टोकरला, फळ्या खालून ठोकून बघितल्या. "माती पानी धरते गो. तू रोज ओलं फडकं टाकतेस, खाली कुठं पाझर असंल, माती फुगते. नि बाबा पहाटे उठून फिरतात, तुला पत्ता नाय. उद्या मी सुट्टीचं बघतो, त्यांना पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ."

"मंगळवारच्या आत नेऊ."

"बुधवारी मिळंल सुट्टी. अगो, हसतेस काय, रडतेस काय?" त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "येवढंच हाय तर माझं नाव लाव. कंपनीपेक्षा तरी बरं असंल, वास तरी नाय यायचा."

तो थट्टा करत होता. दोघांनाही ते माहीत होतं. सोमवारी पहाटेच्या एसटीने तो रोह्याला गेला.

६

सोमवारी दुपारी गोविंदाला हाक मारली तर तो उठेना. तिने हलवलं, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, पण लांबून आल्यासारखा, आणि त्याच्या धोतरापासून सदऱ्याच्या छातीपर्यंत ओल चढत होती. ती बघत असताना चढत होती. हिरामणला हाक मारून तिने त्याच्यापाशी बसवलं आणि ती कारखान्यात धावली.

फळ्यांवर काही हलत नव्हतं. सात ढेकळं, मधले भराव, आणि तो बांध, दोन्हीकडून आत येत मधे सुतळीएवढी फट राहिलेला. त्या फटीच्या कडा चमकत होत्या.

नाव बदलायचं ते खांडीवर उभं राहून. ती उभी राहिली. तिच्या ओठांवर पहिलं आलं ते तिचं स्वतःचं नाव. ते खरं होतं, पुढे कितीही वेळा तिने स्वतःशी हा हिशेब केला तरी तेवढं खरं होतं. पण काळ्या पाण्यातली ती न बोलणारी माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि ती भ्याली. मग तिने स्वतःला भराभर सांगितलं, माहेरी बाईचं नाव कधी घेत नसत. बांध पुरा करणारे हात माझेच, मी गेले तर तो कोण पुरा करणार? नवरा तरणा आहे, पोहणारा आहे. तो स्वतःच म्हणाला. आणि मुळात ही तर माती आहे.

"गोविंदा आजारी आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "गोविंदा आजारी आहे. आमच्या घरातून रितेश."

घरी परतली तेव्हा गोविंदा उठून बसला होता आणि हिरामणला तंबाखू मागत होता. त्याचे पाय कोरडे होते. तिने ते हात लावून बघितले आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडली. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्या काळजीने रडते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी रितेशचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, बाबा बरे आहेत ऐकून खूष झाला. "बघ," तो म्हणाला, "उगाच डोकं पिकवलंस." तिने त्याला चारदा विचारलं, पाय कोरडे आहेत ना. तो हसतच सुटला.

७

मंगळवारी सकाळी त्याचा फोन लागला नाही. शिफ्टमध्ये फोन जवळ ठेवू देत नाहीत, हे तिला माहीत होतं. तिने कारखान्याचं दार उघडलं, गोविंदाला उन्हात खुर्चीवर बसवलं आणि आत येऊन फळ्यांसमोर स्टूल घेऊन बसली. रस्त्यावरून मूर्ती नेणारा टेम्पो गेला. दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून फळ्यांच्या कडेला ठेवला.

आधी वारा ऐकू आला. मग थप. थप.

"कुठे आहेस तू?" ती ओरडली. "कंपनीत नाही गेलास?"

"निघालो व्हतो," रितेश म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज शांत होता. तो असा शांत कधीच बोलत नसे. "पानी चढतंय गो. अजून हातभर राहिलंय. माणसं लय हायत."

"निघ तिथून. ऐकतोस ना? सोड ते नि चालत सूट, कुठल्याही बाजूला."

"कसा सोडू? पाटी येते ना." थप. "तू नको काळजी करू."

"मी येते तुझ्या जागी. मी आता नाव बदलते."

"मी कुठं आजारी हाय?" तो म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

ती उठली. बांध नसेल तर बांधावरचं काम नसेल, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. मोडून टाक, चिमा म्हणाली होती, आणि तिने ते तेव्हाच करायला हवं होतं. तिने जाड कोरणी उचलली. एका फटक्यात ती फट उघडी करायची, दोन्ही टोकं उपसून काढायची, मग कसला हातभर आणि कसली पाटी. ती फळ्यांवर वाकली आणि तिने कोरणीचा हात बांधावर नेला.

फोनमधली थपथप थांबली.

"थांब जरा," रितेश म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता. मग तिला म्हणाला, "अगो, अंधारून आलं एकदम. भर बारा वाजता. ढग पन नाय."

त्याच्या मागे कोणीतरी बोललं, म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात. "वर बघू नका रं कोनी."

अपेक्षाने हात मागे घेतला. बांधावरची त्याची सावली सरकली.

"हां," रितेशचा आवाज आला. "गेलं. पडलं ऊन." पुन्हा थप झालं, पुन्हा पाय चिखलातून निघाले, आणि काम पहिल्यासारखं चालू झालं.

बाहेरून गोविंदाने चहाला हाक मारली. कितीतरी दिवसांनी त्याला भूकही लागली होती. चहात बुडवायला बटर असलं तर आण, तो म्हणत होता. अपेक्षा फळ्यांपासून दोन पावलं मागे सरली, मग आणखी दोन. खिडकीतलं ऊन आपण अडवत तर नाही ना, हे तिने आधी बघितलं. फोन चालूच होता. कोरणी तिच्या हातात होती आणि तो हात कुठं ठेवायचा तेच तिला कळेना.